शेवटच्या पानावरचा शेरेबहाद्दर

“लिही, प्रेमराज,” तोतारामआबा म्हणाले आणि वाचनालयाच्या एकुलत्या एका हातवाल्या खुर्चीत रेलले. “उंची पाच फूट चार इंच, पण ती पायापासून मोजली तर. नजर ससाण्याची. चाल मांजराची. कान... कान सशाचे लिही.”

“आबा, ही तपासाची वही आहे,” प्रेमराज म्हणाला. “असंच लिहीत गेलो तर वन खात्याकडे द्यावी लागेल.”

“तुला साहित्यातलं कळत नाही. पुढे लिही. तापीपासून सातपुड्यापर्यंत ज्याच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगाराच्या हातातला कप सांडतो, असा खानदेशातला एकमेव खासगी गुप्तहेर.”

“कप सांडतो की चहा?”

“दोन्ही लिही.”

प्रेमराजने दोन्ही लिहिलं. चोपड्याच्या लोकहित सार्वजनिक वाचनालयात तो बावीस वर्षं साहाय्यक होता. पुस्तकं द्यायची, घ्यायची, पावसाळ्यात वाळवायची आणि उन्हाळ्यात झटकायची, एवढं त्याचं काम. आबांचा साहाय्यक होणं हे त्या कामात कुठे लिहिलेलं नव्हतं. पण तोताराम बाविस्कर एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आले, आणि तीन महिन्यांत त्यांनी वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली स्वतःची पाटी ठेवली. टेबलावर ठेवायला मंडळाची परवानगी मिळाली नव्हती.

त्यांच्या नावावर आजवर दोन प्रकरणं जमा होती. आगारातून हरवलेली साहेबांची छत्री त्यांनी चार दिवसांत शोधून काढली. ती साहेबांच्या हातात होती. दुसरं प्रकरण त्यांच्याच चष्म्याचं होतं आणि त्याबद्दल ते बोलत नसत.

तिसरं प्रकरण मात्र खरोखरचं होतं. होळी झाल्यापासून वाचनालयातल्या पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने शेरे लिहीत होतं. नुसते शेरे असते तर चाललं असतं. बदामाच्या आकाराची चित्रं आणि मोबाइल नंबर तर प्रेमराज बावीस वर्षं खोडत आला होता. पण हा शेरेबहाद्दर रहस्यकथांचा खुनी सांगून टाकत होता, आणि वर लेखकाची हजेरी घेत होता.

‘मेलेल्याचा मोबाइल’ या कादंबरीच्या मागे लिहिलं होतं: “खुनी मेहुणा. पान ३४ वर चहा न घेता उठून जातो. चहा टाकून जाणारा पाहुणा सरळ नसतो.”

‘तिसऱ्या मजल्यावरची चप्पल’ला शेरा होता: “इन्स्पेक्टर तीन दिवस एकाच शर्टात. घरी कोणी आहे की नाही त्याच्या? खून नर्सने केला, पण बरं केलं.”

‘अंधारातील अकरा वार’बद्दल: “लेखकाने आयुष्यात भाजी चिरलेली नाही. एवढ्याशा सुरीने दुधी चिरत नाही, माणूस कुठून.”

आणि ‘एकांताचे अंगण’ या तीन पुरस्कार मिळालेल्या कादंबरीला, जी रहस्यकथा नव्हतीच: “नायक तीनशे पानं खिडकीतून बघतो. बाहेर काय दिसतं ते सांगत नाही. मध्ये एखादा खून झाला असता तर बिचाऱ्याला उठावं लागलं असतं.”

हा शेवटचा शेरा वाचून प्रेमराजला गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा हसू आलं होतं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

ग्रंथपाल मयुरी मॅडम पदवी घेऊन आलेल्या होत्या आणि त्यांना या प्रकरणात गुन्हाच दिसत नव्हता. “आबा, शेरे असलेली पुस्तकं आधी मागतात लोक,” त्या म्हणाल्या. “समाधान सरांनी आधी शेरा वाचला, मग नर्सने बरं का केलं ते बघायला अख्खी कादंबरी नेली. ‘एकांताचे अंगण’ सहा वर्षांत एकदा गेली होती, आता तिला चौघं रांगेत आहेत.”

“चौघं?” आबा म्हणाले. त्यांच्या ससाण्याच्या नजरेत काहीतरी हललं, आणि ते प्रेमराजला दिसलं.

कारण प्रेमराजला एक गोष्ट ठाऊक होती. मयुरी मॅडमनी निर्लेखनाची यादी केली होती. पाच वर्षांत एकदाही कोणी न नेलेली पुस्तकं या यादीत जातात, मंडळ सही करतं, आणि पुस्तकं पोत्यात भरून रद्दीला जातात. सभा शनिवारी होती. यादीत सातव्या क्रमांकावर होती ‘रक्तरंजित वेळापत्रक’, पृष्ठे ३१२, लेखक ‘कृष्णभुजंग’.

कृष्णभुजंग म्हणजे आबा. हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं आणि मंडळाला माहीत आहे हे फक्त आबांना माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच पाचशे प्रती छापून घेतल्या होत्या. गठ्ठे रिक्षातून घरी पोचवायला प्रेमराजच गेला होता. चारशे नव्याण्णव प्रती अजून आबांच्या पलंगाखाली होत्या. पलंगाचा एक पाय तुटल्यापासून पलंग त्यांच्यावरच उभा होता.

वाचनालयातली एक प्रत तेवढी जगात होती. शनिवारी ती पोत्यात जाणार होती, आणि पोत्याच्या ठरावावर मंडळाचा सदस्य म्हणून आबांना सही करायची होती.

“हा शेरेबहाद्दर सापडलाच पाहिजे,” आबा म्हणाले. “शनिवारच्या आत.”

“शनिवारच का, आबा?”

“गुन्ह्याला मुदत असते.”

*

तपासाला सुरुवात झाली ती भिंगाने. शेरे असलेली अकरा पुस्तकं टेबलावर मांडली गेली. आबांनी एकेकाच्या पानांत नाक घातलं.

“वास,” ते म्हणाले. “उग्र वास. प्रेमराज, तू घे.”

प्रेमराजने घेतला. “हिंगासारखा येतोय.”

“साहाय्यकाने वास घ्यायचा, निष्कर्ष काढायचा नाही. आणि हे बघ. पांढरी पूड. पानांच्या बेचक्यात.” त्यांनी खिशातून पाकीट काढून पूड त्यात झटकली. “चाखून बघ.”

“मी?”

“मला काही झालं तर तपास कोण करणार?”

प्रेमराजने जिभेच्या टोकावर कण ठेवला. “खारट आहे.”

“आर्सेनिक,” आबा म्हणाले.

“आर्सेनिक खारट असतं?”

“ज्यांनी चाखलं त्यांना सांगायला वेळ मिळाला नाही. तुला कसं वाटतंय?”

“भूक लागल्यासारखं.”

“पहिलं लक्षण,” आबा म्हणाले आणि वहीत स्वतः नोंद केली.

तिसरा पुरावा सगळ्यांत भारी होता. प्रत्येक शेऱ्याखाली पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, चार उभ्या आणि त्यांना छेद देणारी एक आडवी, अशा ओळीच्या ओळी. ‘मेलेल्याचा मोबाइल’खाली अठरा रेघा. ‘अकरा वार’खाली वीस. ‘एकांताचे अंगण’खाली पंचवीस.

आबांनी एकेका रेघेवरून भिंग फिरवलं. मग भिंग खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, “प्रेमराज, भिंतीवर अशा रेघा कोण मारतं?”

“गवंडी?”

“कैदी. कोठडीतला कैदी दिवस मोजतो. हा माणूस तुरुंगातून सुटलेला आहे. सवय जात नाही. विष जवळ बाळगतो. आणि त्याला प्रत्येक खुनी पान चौतीसपर्यंत ओळखू येतो. का? कारण तो त्याच धंद्यातला आहे.”

प्रेमराजला हे सगळं ऐकून थोडं दडपण आलं. ते कमी करायला तो कपाटाकडे गेला आणि त्याने देवघेवीचं रजिस्टर उघडलं. पाच मिनिटांत परत आला.

“आबा, ही अकराही पुस्तकं एकाच सभासदाने नेलीत. पुना पाटील, एसटी कंडक्टर. तुमच्याच गल्लीत राहतो.”

आबांनी त्याच्याकडे इतक्या दयेने पाहिलं की प्रेमराजला रजिस्टर मिटावंसं वाटलं.

“म्हणजे पुना नाही,” ते म्हणाले. “तीस पानांत सापडतो तो खुनी कधीच नसतो. रजिस्टर बघून तर कोणीही पकडेल, मग गुप्तहेर कशाला हवा? आणि माझ्या डोळ्यांसमोर राहायची हिंमत कुठला गुन्हेगार करेल?”

तरीही नियम म्हणून पुनाला बोलावलं. तो खाकी कपड्यातच आला. साठीला टेकलेला साधा माणूस, खांद्याला तिकिटाच्या यंत्राची पिशवी. आबा नियंत्रक असताना त्यांच्यासमोर उभं राहायची सवय होती, म्हणून खुर्ची असूनही उभाच राहिला.

“पुना, ‘तिसऱ्या मजल्यावरची चप्पल’मधला खुनी कोण?”

“माले काय माहीत, आबा? मी पुस्तक वाचस नही. मी ते फक्त घर—”

“मी विचारेन तेवढंच सांग.”

“हा, आबा.”

“वाचत नाहीस तर नेतोस का?”

“तेच सांगी ऱ्हायनू ना. बायकोना हात मोडेल शे, ती—”

“बायकोच्या हाताशी वाचनालयाचा संबंध नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता कुठे होतास?”

“शिरपूर गाडीवर. तुमनाच टायमले लावेल गाडी शे ती, सहा दहानी.”

“सहा दहा,” आबा पुटपुटले आणि क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला. ती वेळ त्यांनीच बसवली होती. “जा. निर्दोष आहेस.”

पुना जाताना दारात थांबला, प्रेमराजला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि आबा खाकरले. पुनाच्या हातातून काही सांडलं नाही, पण तो गेला.

*

बुधवारी संध्याकाळी आबांनी सापळा लावला. सापळ्याला आमिष लागतं, आणि आमिष म्हणून, दीर्घ विचारान्ती, त्यांनी निवडली ‘रक्तरंजित वेळापत्रक’.

“हेच का?” मयुरी मॅडमनी विचारलं.

“निवड अगदी आपोआप झाली,” आबा म्हणाले. त्यांनी पुस्तक दाराजवळच्या मांडणीवर, मधोमध, तोंड बाहेर करून ठेवलं आणि त्यावर चिठ्ठी लावली: ‘नुकतीच आलेली रहस्यकथा’.

“आबा, हे सहा वर्षांपूर्वीचं आहे.”

“ते गुन्हेगाराला कुठे माहीत आहे?”

मयुरी मॅडमनी फक्त प्रेमराजकडे पाहिलं आणि प्रेमराजने छताकडे. दोघांनाही शनिवार दिसत होता.

गुरुवारी सकाळच्या गाडीने आबा आणि प्रेमराज अमळनेरमार्गे धुळ्याला गेले. तिथे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे चुडामणभाऊ म्हणजे आबांच्या मते खानदेशातले सर्वांत मोठे हस्ताक्षरतज्ज्ञ. चुडामणभाऊंच्या मते ते अर्ज लिहून देत. पण चाळीस वर्षं लोकांच्या सह्या बघितलेला माणूस. त्यांनी शेऱ्यांवर बोट फिरवलं, पान उन्हाकडे धरलं आणि तोंडातला विडा थुंकून म्हणाले:

“डाव्या हाताने लिहिलंय. पण लिहिणारा डावखुरा नाही, उजव्या हाताला काहीतरी अडचण आहे. पुस्तक टेबलावर नव्हतं, मांडीवर होतं. आजूबाजूला हलत होतं, धक्के बसत होते. आणि ह्या बोटाच्या खुणा तेलाच्या आहेत.”

आबा उभे राहिले. “मांडीवर पुस्तक. धक्के. उजवा हात गुंतलेला. प्रेमराज, कोण बसतो असा?”

“झोपाळ्यावर—”

“कंडक्टर. उजव्या हातात तिकिटाचं यंत्र, डाव्या हातात पेन्सिल, खाली अमळनेर रस्ता. तेल इंजिनचं.” त्यांनी खोल श्वास घेतला. “पुनाच.”

“तुम्ही त्याला सोडलंत.”

“गाफील राहावा म्हणून.”

“बायकोचा हात मोडलाय म्हणत होता,” प्रेमराज म्हणाला. हे वाक्य परतीच्या गाडीत बेटावदपर्यंत त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. पण साहाय्यकाने निष्कर्ष काढायचा नसतो, आणि पुढे गाडीत बसायला जागा मिळाल्यावर तो झोपला.

संध्याकाळी वाचनालयात आले तर मांडणी रिकामी. मयुरी मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. ‘रक्तरंजित वेळापत्रक’, सकाळी साडेदहा, पुना पाटील.

आबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. सहा वर्षांतली पहिली नोंद. बोट तिथून लवकर निघेना.

“म्हणजे यादीतून गेलं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुठलं?”

“कुठलंही. आमिष.”

“नियमाप्रमाणे वाचून परत आलं पाहिजे, आबा,” मयुरी मॅडम हळूच म्हणाल्या. “मांडणीवरून सापळ्यासाठी दिलेलं मंडळ धरणार नाही. शेरा असला तर धरेल. तो पुरावा होईल, वाचल्याचा.”

*

शुक्रवारी सकाळी आबा नेहमीपेक्षा लवकर वाचनालयात आले.

“घरी काहीतरी आहे,” ते म्हणाले. “आमच्या हिने, वच्छलेने सांगितलं, पाचच्या आत येऊ नका. होळीपासून असंच दोनदा झालं. काय आहे म्हणाली ते मी ऐकलं नाही, प्रकरणाचा विचार चालू होता.”

दुपारी तीन वाजता दोघं पुनाच्या घरासमोरच्या निंबाआड उभे होते. आबांनी वेषांतर म्हणून टोपी काढली होती. सव्वातीनला पुना बाहेर आला. हातात स्टीलचा डबा, झाकणावर पांढरी पूड सांडलेली. इकडेतिकडे न बघता तो गल्लीच्या टोकाकडे निघाला.

“आर्सेनिक,” आबा कुजबुजले. “किलोभर असेल.”

पुना चार घरं चालला, पाचव्या घराचं फाटक उघडून आत गेला. प्रेमराज त्या घराकडे बघत राहिला, मग आबांकडे.

“आबा, हे तुमचं घर आहे.”

आबांचा चेहरा उतरला. “माझ्या मागावर आहे तो. मी घरी नाही हे त्याला ठाऊक नाही. वच्छला एकटी आहे, प्रेमराज.”

हे वाक्य मात्र त्यांनी वहीत लिहायला सांगितलं नाही. ते धावले. एकसष्टाव्या वर्षी, मांजराच्या नव्हे पण माणसाच्या चालीने, धोतराचा सोगा हातात धरून. पुना तोवर डबा देऊन मागच्या दाराने निघूनही गेला होता. चारच्या गाडीवर त्याची ड्यूटी होती. खाली घर रिकामं होतं. गच्चीवरून ठकठक आवाज येत होता, एकसारखा, आणि त्यावर एका बाईचा आवाज.

जिन्याच्या वरच्या वळणावर आबांनी हात आडवा धरला. दोघं थांबले.

गच्चीवर पत्र्याच्या सावलीत सहा बायका गोल बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे पोळपाट, मधोमध उडदाच्या पिठाच्या लाट्यांची परात, बाजूला तेलाची वाटी, आणि पुनाने आणलेला पिठीचा डबा. पलीकडे उन्हात जुन्या साड्यांवर पापडच पापड. अक्षय तृतीया म्हणजे आखाजी महिन्यावर आली होती, आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि परत जाताना त्यांच्याबरोबर पापड जातात. म्हणून गल्लीतल्या बायका रोज एकीच्या घरी जमून लाटत होत्या. आज पाळी वच्छलाबाईंची होती.

सातवी बाई लाटत नव्हती. ती पुनाची बायको कुंदाबाई. तिचा उजवा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये होता, मांडीवर पुस्तक उघडं होतं, दोन्ही बाजूंच्या बायकांची कोपरं तिला लागत होती, कानामागे पेन्सिल खोचली होती, आणि ती मोठ्याने वाचत होती:

“साडेआठला शिरपूर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली. पावणेनऊला अमळनेर गाडी फलाट क्रमांक एकवर लागली. नऊ वाजता धरणगाव गाडी लागली, परंतु ती आजही दहा मिनिटं उशिरा होती. निरीक्षक विक्रांतने घड्याळात पाहिलं. नऊ दहाला...”

लाटणी तालात चालली होती. शिरपूर, ठक. अमळनेर, ठक. धरणगाव, ठक.

“बस येस, बस जास,” म्हाताऱ्या भिकुबाई म्हणाल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, अक्षर ओळख नसलेल्या, आणि लाटताना खाली न बघणाऱ्या. “खून कव्हय व्हई?”

“झाला ना, भिकुआक्का. पान वीसवर. स्टँडवरचा हमाल मेला.”

“तो मेला व्हय? माले वाटनं गाडी चुकनी.”

बायका हसल्या. हात थांबले नाहीत.

“खुनी कोण आहे, आक्का?” कामिनी नावाच्या तरुण सुनेने विचारलं. “तुमचं कधी चुकत नाही.”

“आगार मॅनेजर शे. पहिल्याच पानवर त्येनी छत्री दखाडी. छत्री कसाले दखाडी मंग?”

जिन्यात आबांनी प्रेमराजचा दंड धरला. आगार व्यवस्थापकाची छत्री पान तीनशे आठवर खुनाचं हत्यार ठरत होती. हे रहस्य त्यांनी दोन वर्षं जपलं होतं.

“हाऊ लिखनाराबी मी वळखी लिधा,” भिकुबाई पुढे म्हणाल्या. “तो यस्टीमा व्हता. मोठा सायब नही, पन सायबना राग शे त्येले. आते रिटायर शे. आनि त्येनी बायको भली शे.”

“ते कसं?” कामिनीने विचारलं.

“पुस्तकमा बठ्ठा जेवतस. निरीक्षक जेवस, हमाल जेवस, मराना आगोदर बी जेवस. पन सयपाक कोनीच करस नही. ताट आपोआप येस. ज्येना घरमा ताट आपोआप येस, त्येले वाटस बठ्ठा जगमा तसंच शे.”

गच्चीवर पहिल्यांदा एक लाटणं थांबलं. ते वच्छलाबाईंचं होतं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा लाटायला लागल्या.

“बोलत नाही का कोणी त्याच्याशी घरात?” कामिनी म्हणाली.

“बोलतात,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तो ऐकत नाही.”

“आनि तो आते जिनामा उभा शे,” भिकुबाई म्हणाल्या. “कव्हयना खाकरी ऱ्हायना.”

*

तपासाच्या वहीत पुढच्या दहा मिनिटांची नोंद नाही. आबा वर गेले. सहा बायकांनी डोक्यावर पदर घेतले, भिकुबाईंनी घेतला नाही. प्रेमराज जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि एकामागून एक सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. हिंग. पापडखार. पिठी. तेलाची बोटं. मोडलेला हात. प्रत्येक पुस्तकामागचे शेरे म्हणजे भिकुबाईंचं आणि बाकीच्यांचं बोलणं, कुंदाबाईंनी डाव्या हाताने टिपलेलं, कारण कोणी म्हणालं की आक्काचं ऐकलेलं वाया जाऊ नये. आणि रेघा म्हणजे पापड. गच्चीवर दुसरा कागद नसायचा, म्हणून वीस पापडांची चळत झाली की शेवटच्या पानावर एक रेघ.

“मी त्यांना तीनदा सांगायचा प्रयत्न केला,” कुंदाबाई म्हणाल्या. “म्हणजे आमच्या ह्यांनी. आबांनी सांगू दिलं नाही. पुस्तक खराब केलं असेल तर मी खोडरबराने—”

“खोडायचं नाही,” आबा म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. गच्चीवर सगळ्यांसमोर उभं राहून, टोपी हातात, ते फक्त वच्छलाबाईंकडे बघत होते. “तुला माहीत होतं, हे पुस्तक...”

“पलंग त्याच्यावरच उभा आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मला कसं माहीत नसेल?”

“मग आधी कधी यांना वाचायला दिलं नाहीस.”

“घरचं पुस्तक मी कसं पुढे करायचं? लोक म्हणतील, नवऱ्याचं खपवते. काल पुनाभाऊंनी वाचनालयातून आपणहून आणलं, तेव्हा मी काही बोलले नाही.”

आबांनी मान हलवली. मग, ज्या स्वरात ते फलाटावर चुकलेल्या गाडीची चौकशी करणाऱ्या बाईशी बोलत, त्या स्वरात विचारलं, “आणि कसं... शेरा काय लिहिणार आहात?”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुंदाबाईंनी शेवटचं पान उघडलं. शेरा अजून लिहिलेला नव्हता. खाली रेघा होत्या. ओळीच्या ओळी.

“मोजा,” आबा म्हणाले.

प्रेमराजने मोजल्या. “बत्तीस.”

“बत्तीस म्हणजे सहाशे चाळीस पापड,” वच्छलाबाई म्हणाल्या. “एका दिवसात. आजवर पाचशेच्या वर कधी गेले नव्हते. तेही त्या खिडकीवाल्याला.”

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उजाडलं ते प्रेमराजने पाहिलं. “‘मेलेल्याचा मोबाइल’ला किती?”

“तीनशे साठ.”

“पुरस्कारवाल्याला पाचशे. आणि मला सहाशे चाळीस.” आबा खुर्चीशिवाय रेलले. “प्रेमराज, लिही.”

प्रेमराजला मात्र पुढचं कळलं होतं, आणि कुंदाबाईंना ते सांगायचं होतं. “म्हणजे काय आहे ना आबा, रंगलेलं पुस्तक असलं की खुनाच्या वेळी बायकांचे हात थांबतात, सगळ्या ऐकत बसतात, पीठ वाळतं. ह्या पुस्तकात हात कुठे थां—”

वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. कुंदाबाईंनी वाक्य गिळलं.

“—थांबून चालतच नाही,” त्या म्हणाल्या.

“वेग,” आबा म्हणाले. “लेखनातला वेग.”

भिकुबाईंनी तोंड उघडलं. प्रेमराज खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खाकरण्याने कोणीतरी थांबलं.

मग भिकुबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “लिख, कुंदा. कामनं पुस्तक शे. पुढना वरीसले परत लागी.”

कुंदाबाईंनी डाव्या हाताने तसंच लिहिलं.

*

शनिवारच्या सभेत सातव्या क्रमांकावर मयुरी मॅडमनी लाल रेघ मारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘वाचकांकडून मागणी’. ते खोटं नव्हतं. मागच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात कुरडया होत्या आणि त्यांचं मोठं पातेलं असतं. तिथल्या बायकांनी पुस्तक आधीच सांगून ठेवलं होतं. पिंपळनेरला दिलेल्या कुणाच्या लेकीचाही निरोप आला होता, ते एसटीचं पुस्तक आखाजीला मिळेल का.

संध्याकाळी आबांनी प्रेमराजला जेवायला बोलावलं. ताटं मांडली होती. आबा पाटावर बसले, ताटाकडे पाहिलं, आणि पुन्हा उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून नुसतेच उभे राहिले.

“काय पाहिजे?” आतून वच्छलाबाईंचा आवाज आला.

“काही नाही,” आबा म्हणाले. “ताट कुठून येतं ते बघतोय.”

मग आतून आबांच्या हातात चिमटा आला आणि चिमट्याबरोबर भाजलेल्या पापडांची परडी. ती घेऊन ते बाहेर आले, अर्धा पापड प्रेमराजच्या ताटात ठेवला, अर्धा स्वतः मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिले.

“खारट आहे,” ते शेवटी म्हणाले.

“आर्सेनिक,” प्रेमराज म्हणाला आणि दुसरा मागितला.